दुधाची समजलेली दाढ

मराठी भाषेने दातांना फार राबवले आहे. आपण कोणावर दात धरतो, रागाने दातओठ खातो, मुलांना समजावताना दातांच्या कण्या करतो आणि विनोद कळला नाही तरी दात काढतो. इतके सारे करणारी आपण मंडळी दंतवैद्याला दात दाखवायला मात्र जात नाही. आणि जातो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हा उपदेश नव्हे. या गुन्ह्यातला पहिला आरोपी मीच आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. "बाबा, दाढ ठणकतेय," असे ती दोनतीनदा म्हणाली. मी पेपर तपाशीत होतो. "दुधाची असेल, पडेल आपोआप," असे म्हणून मी लवंगेच्या तेलाचा बोळा तिच्या हाती दिला. चार दिवसांनी ठणका थांबला. मला वाटले, दुखणे गेले. ऐन वसुबारसेला तिचा गाल सुजला आणि अंगात ताप भरला. दंतवैद्यांनी फोटो काढून पाहिला व म्हणाले, "सर, ही दुधाची नाही, कायमची दाढ आहे. आता ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही."

मला हे ठाऊकच नव्हते, की पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पाडता मुकाट्याने उगवते. दुधाचे दात वीस, कायमचे बत्तीस. ही दाढ त्या बत्तिसांतली. ती गेली की पुन्हा येत नाही.

आणि ठणका थांबला तो का? दाताचे वरचे कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. पण त्याला संवेदना नाही. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, त्या आम्लाने कवच झिजते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कीड आतल्या थरात शिरली की गारगोड झोंबू लागते. त्याच्याही आत, शिरा व रक्तवाहिन्या असलेल्या गाभ्यापर्यंत ती पोचली, म्हणजे रात्रीची झोप उडते. पुढे गाभा मरतो आणि दुखणे थांबते. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. जंतू मात्र मुळाखाली हाडाकडे निघालेले असतात.

उपचारही याच पायऱ्यांनी चालतात. कीड वरवर आहे तोवर ती कोरून सिमेंट भरले की भागते. गाभा नासला, तर तो काढून मुळांच्या नळ्या साफ करतात, त्या गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाने भरतात आणि वर टोपी बसवतात. हेच ते रूट कॅनाल. त्याच्या वेदनांच्या कथा आपण चवीने सांगतो. खरे म्हणजे 1943 साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले, आणि बधिर करण्याची सोय किती तरी सुधारली. आज दुखते ते बहुतेक उपचाराआधीचे दिरंगाईचे दिवस. वरचा दात काढल्याने डोळे अधू होतात, ही समजूतही निराधार आहे.

दुसरा चोर हिरड्यांचा. ब्रशाला रक्त लागले, तर आपण ब्रश करणेच सोडतो. वास्तविक ते रक्त सांगत असते, की हिरडीपाशी कीटण साचले आहे. ते खरवडून काढले की दात सैल होतात, अशी तक्रार ऐकू येते. दात सैल झालेले असतात ते हाड झिजल्यामुळे. कीटणाने ते झाकलेले असते एवढेच. मधुमेही माणसांनी तर हिरड्यांना फारच जपावे, कारण दोन्ही रोग एकमेकांना बळ देतात. आणि मिश्री? ती दात घासण्याची पूड नव्हे, भाजलेली तंबाखू आहे. तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो.

मग फराळ करायचा की नाही? जरूर करावा! पण लाडू जेवणाबरोबर खावा. येताजाता डबा उघडू नये. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे दातांना अधिक बाधते. दोन खाण्यांच्या मध्ये लाळेला आम्ल निवविण्यास सवड लागते. फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा वापरावी, आणि त्यातली एक खेप रात्री निजण्यापूर्वीची असावी. मुलाचा कायमचा दात पडून हाती आला, तर तो मुळाला हात न लावता दुधात घालून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नये. तिने कातडी भाजते. आणि सूज, ताप व गिळायला त्रास, हे तिन्ही एकत्र आले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. मागची नवी दाढ पुढे कलून ती रिकामी जागा थोडीफार भरीत आहे. तिने मला कधी बोल लावला नाही. फक्त दिवाळीत चकली पुढे आली की ती उजव्या बाजूने चावते, आणि मी उगाच चिवड्यातले शेंगदाणे वेचीत बसतो.