बफरची मालकी : डीएमए-व्यवहारातील एक प्रश्न

तबकडीवरून वा जालातून येणारा प्रत्येक बाइट प्रोसेसरने स्वतः उचलून स्मृतीत ठेवावयाचा म्हटले, तर त्याचा सारा वेळ हमालीतच जावयाचा. यास्तव उपकरणाने स्मृतीशी परस्पर व्यवहार करावा अशी योजना रूढ झाली. तीस डीएमए म्हणतात. ड्रायव्हरकडे मध्यस्थी तेवढी उरते : स्मृतीतील एक खंड, म्हणजे बफर, राखून ठेवणे, त्याचा पत्ता उपकरणास कळविणे आणि काम पुरे झाल्याचा इंटरप्ट येण्याची वाट पाहणे. वर्णन सोपे आहे. अडचण ‘पत्ता’ या शब्दातच दडलेली आहे.

कार्यक्रमास दिसणारा पत्ता आभासी असतो. त्यास सलग भासणारा खंड प्रत्यक्षात ४०९६ बाइटांच्या विखुरलेल्या पृष्ठांचा असू शकतो, आणि उपकरणास याची गंधवार्ता नसते. शिवाय उपकरणाची पोचही बेताची. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ८२३७ हा नियंत्रक पत्त्याचे केवळ १६ बिट मोजी. त्यामुळे ६४ किलोबाइटांची सीमा येताच तो त्याच विभागाच्या आरंभी परत फिरे. १९८४ च्या एटी यंत्रात पोच १६ मेगाबाइटांवर गेली. लिनक्सने स्मृतीचे पहिले १६ मेगाबाइट निराळा विभाग म्हणून राखले, ते याच कारणास्तव. बफर पोचेबाहेर असल्यास माहिती प्रथम पोचेतील एखाद्या खंडात उतरवून प्रोसेसरकरवी पुन्हा नकलावी लागते. म्हणजे टाळावयाची ती हमाली परत आलीच.

तथापि खरा धोका कॅशचा आहे. एक्स८६ यंत्रांत कॅश आणि स्मृती यांचा मेळ सामान्यतः यंत्रणाच राखते. अनेक एआरएम यंत्रांत तो भार ड्रायव्हरवर पडतो. समजा, ६४ बाइटांच्या एकाच कॅश-ओळीत बफरचा शेवट आणि त्यालगतचा एक लहानसा गणक आला. उपकरण बफरात लिहीत असता प्रोसेसरने गणक एकाने वाढविला, तर संपूर्ण ओळ, बफरच्या जुन्या मजकुरासह, कॅशमध्ये येते. ती पुढे स्मृतीत परत लिहिली गेली की उपकरणाने आणलेले नवे बाइट पुसले जातात. ओळ न लिहिता रद्द करावी, तर गणकाची वाढ हरवते. दोष क्वचितच प्रकटतो, त्याची कोणतीही सूचना मिळत नाही, आणि एक्स८६ वर केलेल्या चाचणीत तो दिसतच नाही.

लिनक्समधील नियम म्हणूनच मालकीच्या भाषेत समजून घ्यावा : ‘डीएमए_मॅप_सिंगल’पासून ‘डीएमए_अनमॅप_सिंगल’पर्यंत बफर उपकरणाचा, मध्ये पाहावयाचाच झाल्यास ‘सिंक’ करून रीतसर ताबा घ्यावा. अर्थात शेजारच्या गणकाचे रक्षण या नियमाने होत नाही. त्यासाठी बफरला कॅश-ओळी स्वतंत्रच हव्यात.

स्टॅकवरील चल बफर म्हणून देणे पूर्वीपासून निषिद्ध होते, तरी कित्येक ड्रायव्हर तसे करीत आणि निभावून जात. डिसेंबर २०१६ च्या ४.९ आवृत्तीत एक्स८६ वरील कर्नेल-स्टॅक आभासी पत्त्यांच्या क्षेत्रात ठेवण्याची सोय झाली, आणि असे अनेक ड्रायव्हर, विशेषतः यूएसबीचे, बंद पडले. दोष नव्या सोयीचा नव्हता. तिने जुना दोष उघडा पाडला इतकेच.

उपकरणाचे पत्ते भाषांतरित करणारा आयओएमएमयू असल्यास पोचेचा प्रश्न बहुतांशी सुटतो, आणि परक्या स्मृतीस हात लावण्याची उपकरणाची मुभाही आक्रसते. मात्र ही राखण पृष्ठागणिक चालते : २५६ बाइटांचा बफर उघडला तरी त्या पृष्ठातील उरलेले ३८४० बाइटही उपकरणापुढे उघडे पडतात.