रामभद्र आणि महाराज : पद्मपूरच्या कवीने घेतलेल्या साक्षी

आमगावजवळचे पदमपूर आज गोंदिया जिल्ह्यात मोडते. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, त्याआधी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्याचाच होता. जुन्या पिढीतल्या अभ्यासकांच्या लेखनात म्हणूनच ‘भंडारा जिल्ह्यातील पदमपूर’ असा उल्लेख येतो. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी भवभूतीचे जन्मगाव हेच, असे प्रतिपादन केले. ‘मालतीमाधव’ नाटकाच्या प्रस्तावनेत कवी आपली माहिती देतो. दक्षिणापथात विदर्भातले पद्मपूर हे गाव, काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जतुकर्णी, स्वतःचे नाव श्रीकंठ. दुर्ग येथे मिळालेल्या वाकाटकांच्या एका अपूर्ण ताम्रपटातही पद्मपुराचे नाव आहे. ते पद्मपूर आणि कवीचे पद्मपूर एकच, असा मिराशींचा निष्कर्ष. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे ते याच अभिमानातून.

रामटेकला कालिदासाचे स्मारक आहे, त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालय आहे. कालिदास विदर्भात आला असेलच तर पाहुणा म्हणून. भवभूती मात्र घरचा. पण घरच्या माणसाची किंमत आपल्याकडे उशिरा कळते. त्याच्या काळीही ती फारशी कळली नसावी, कारण टीकाकारांना उद्देशून त्याने म्हणून ठेवले आहे की आपल्या जातकुळीचा वाचक कधीतरी, कुठेतरी जन्मेल. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ त्याला कनोजच्या यशोवर्म्याच्या दरबारात वाक्पतिराजाच्या जोडीला बसवते, म्हणजे काळ आठव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. बाराशे वर्षे उलटून गेली.

या लेखात मला पाहायचे आहे ते त्याचे ‘उत्तररामचरित’, आणि त्यातही एकच गोष्ट : या नाटकात रामाला कोण, केव्हा, काय म्हणून हाक मारते.

अभिजात कृतीतल्या पात्रांकडे पाहण्याची आपल्याला शाळेपासून एक सवय लागलेली असते. ‘अमक्याचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न येतो आणि आपण गुणांची यादी करतो. राम एकवचनी, कर्तव्यदक्ष, प्रजाहितदक्ष. अलीकडे यादी उलटी होते : राम निष्ठुर, लोकापवादाला भिणारा. दोन्ही यादींत फरक फक्त निकालाचा. मराठीत दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्वा’ने (१९६२) आणि इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) महाभारतातल्या माणसांना या निकालांच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले. रामकथेच्या वाट्याला तसे वाचन कमी आले. भवभूती त्यासाठी फार सोयीचा आहे, कारण निकाल देण्याऐवजी तो साक्षी घेत बसतो.

पहिल्या अंकात राज्याभिषेक नुकताच झाला आहे. घरातली वडीलधारी मंडळी, म्हणजे वसिष्ठ, अरुंधती, कौसल्या आणि इतर माता, ऋष्यशृंगाच्या बारा वर्षे चालणाऱ्या यज्ञाला गेली आहेत. सीता गरोदर, म्हणून ती मागे राहिली. दशरथाच्या वेळचा म्हातारा कंचुकी काही सांगायला येतो आणि सवयीने ‘रामभद्र’ म्हणून बसतो. अर्ध्यातच जीभ चावतो आणि ‘महाराज’ अशी दुरुस्ती करतो. राम म्हणतो, वडिलांच्या वेळच्या माणसांनी मला पूर्वीच्याच नावाने हाक मारलेली बरी.

रंगभूमीवर हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. बहुतेक वाचक तो शिष्टाचार म्हणून ओलांडतात. माझ्या मते नाटकाचे आशयसूत्र इथेच ठेवलेले आहे. एका देहात दोन माणसे आहेत, घरातला रामभद्र आणि सिंहासनावरचा महाराज. राजाला अजून वाटते की दोघे एकत्र नांदू शकतील. याच अंकात अष्टावक्र वसिष्ठांचा निरोप घेऊन येतो : तुझे राज्य नवे आहे, प्रजेला संतुष्ट ठेव. राम उत्तरादाखल सांगून टाकतो की लोकांसाठी स्नेह, दया, सुख, प्रसंगी जानकीसुद्धा सोडावी लागली तरी आपल्याला व्यथा होणार नाही. सीता शेजारीच उभी आहे आणि तिला त्या बोलण्याचे कौतुक वाटते. अंक संपायच्या आत दुर्मुख नगरातली कुजबूज घेऊन येतो आणि रामाचे शब्द त्याच्याच पदरात पडतात.

मूळ वाल्मीकीत राम भावांना बोलावून निर्णय सांगतो. इथे विचारायला घरात कुणी वडीलधारे नाही, आणि ज्या सीतेविषयी निर्णय घ्यायचा ती त्याच्याच दंडावर डोके ठेवून झोपलेली आहे. वडिलांना दूर पाठवणे ही भवभूतीची योजना दुहेरी उपयोगाची. निर्णयाचा भार एकट्या रामावर पडतो, आणि जाब विचारणारी माणसे पुढच्या अंकांसाठी राखून ठेवता येतात.

बारा वर्षांनंतर पंचवटीत, तिसऱ्या अंकात, पहिला जाब विचारते ती वासंती. ही वनदेवता, सीतेची वनवासातली मैत्रीण. समोर राम उभा असताना ती ‘महाराज’ म्हणते आणि कुमार लक्ष्मणाचे कुशल विचारते. बस, तेवढेच. सीतेचे नावही काढत नाही. राम मनाशी म्हणतो, या हाकेत जिव्हाळा नाही, आणि विचारपूसही एकट्या लक्ष्मणाची. म्हणजे हिला सारे कळले आहे.

आपल्याकडे घरातली आजी रागावली की नातवाला ‘अहो-जाहो’ करू लागते. ‘या, बसा, जेवणार का आपण?’ त्या आदराने अंगावर काटा येतो. वासंतीचे ‘महाराज’ त्याच घराण्यातले. पहिल्या अंकात म्हाताऱ्या सेवकाने संकोचून वापरलेला शब्द इथे तिने शस्त्रासारखा वापरला. मग ती सरळ विचारते, असे का केलेस? लोकांना सहन झाले नाही, असे राम सांगतो. लोकांना का, यावर तो म्हणतो की ते त्यांनाच ठाऊक. यावर वासंतीचा टोला असा : तुला कीर्तीच प्रिय ना? मग गरोदर बायकोला रानात सोडण्याहून मोठी अपकीर्ती कोणती?

हे सगळे सीता ऐकते आहे. भागीरथीच्या वराने ती अदृश्य झाली आहे. तमसा नदी सोबत आहे. राम मूर्च्छित पडला की ती स्पर्शाने त्याला शुद्धीवर आणते. त्याला तो स्पर्श ओळखू येतो, पण दिसत काही नाही. वासंतीने प्रश्नांची सरबत्ती लावल्यावर सीता मैत्रिणीलाच कठोर म्हणते. आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक बाईला, हे खटकते. अन्याय झाला तिच्यावर आणि बाजू घेते त्याची! मला वाटते, खटकू द्यावे. पण सीता क्षमा करून मोकळी झालेली नाही, हेही नीट वाचावे. अश्वमेधासाठी रामाने दुसरे लग्न केले नाही, सीतेचीच सोन्याची मूर्ती शेजारी बसवली, हे ऐकल्यावर आपल्या मनातला त्यागाचा काटा निघाला असे ती म्हणते. म्हणजे बारा वर्षे तो आत होता. कारण न कळता टाकून दिल्याची लाज हा तो काटा. तिला हवा होता खुलासा, आणि तो देण्याची बुद्धी कुणालाही झाली नव्हती. रामाच्या अश्रूंवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या टीकाकारांनी या काट्याला क्वचितच एक ओळ दिली आहे.

घरची माणसेही गप्प नाहीत. बारा वर्षांचा यज्ञ संपल्यावर अरुंधती म्हणते, सून नसलेल्या अयोध्येत मी पाऊल टाकणार नाही. सासवाही तेच म्हणतात आणि सगळे वाल्मीकींच्या आश्रमाकडे वळतात. चौथ्या अंकात तिथे जनक येतो. कौसल्येची चौकशी करताना तिला नावाने किंवा नात्याने न संबोधता तो विचारतो, त्या प्रजापालक राजाच्या मातोश्री बऱ्या आहेत ना? पुन्हा संबोधन, पुन्हा तोच वार. सीतेच्या अग्निशुद्धीचा विषय निघताच तो उसळतो : माझ्या मुलीला शुद्ध ठरवणारा हा अग्नी कोण? पाचव्या अंकात लव, ज्याला राम आपला बाप आहे हेच ठाऊक नाही, ताटकेचा वध, खराशी लढताना घेतलेली माघार आणि वालीला मारण्याची रीत यांवर बोट ठेवतो. तेही ‘थोरांच्या चरित्राविषयी आपण काय बोलावे’ अशा मानभावी सुरात.

नाटकात विदूषक नाही हे पुष्कळांनी नोंदवले आहे. त्याचे कारण भवभूतीच्या गंभीर स्वभावात शोधतात. मला दुसरे कारण दिसते. संस्कृत नाटकात राजाला चार गोष्टी सुनावण्याचा परवाना विदूषकाला असतो, पण ते सुनावणे हसण्यावारी जाते. इथे ते काम मैत्रीण, सासू, गुरुपत्नी, सासरा आणि मुलगा यांनी वाटून घेतले आहे, म्हणून कुणाला हसता येत नाही.

आता अवघड भाग. दुसऱ्या अंकात राम दंडकारण्यात येतो तो शंबूकाला मारायला. एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मेला; शंबूक नावाचा शूद्र तप करतो आहे म्हणून, असे आकाशवाणीने सांगितले. राम तलवार उचलतो आणि आपल्या उजव्या हाताशी बोलतो : गर्भभाराने थकलेल्या सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू अवयव, तुला करुणा कुठली? आणि वार करतो. शंबूक दिव्य रूपात प्रकट होतो, रामाचे आभार मानतो आणि त्याला जनस्थानाची वाट दाखवतो.

रसिक टीका या ठिकाणी हाताला उद्देशून केलेल्या बोलण्यावर थांबते. रामाचे दुःख किती खोल, स्वतःवर केवढा राग! ते खरेच आहे. पण त्या क्षणी समोर मान उभी आहे ती शंबूकाची, आणि रामाला आठवण येते सीतेची. पश्चात्ताप एका गुन्ह्याचा, मरण दुसऱ्याचे. शिवाय नाटकात प्रत्येकाला बोलायला जागा आहे. नद्या बोलतात, पृथ्वी बोलते, वेदान्त शिकायला एकटी निघालेली आत्रेयी बोलते. शंबूक मात्र तोंड उघडतो ते मेल्यावर, आणि कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) या वधाचा विचार केला आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण तिथे होऊ न शकलेले हे भाषण. त्यांचे म्हणणे असे की रामाने विनाकारण शंबूकाला मारले म्हणून रामाला दोष देणारे मूळ परिस्थितीच समजून घेत नाहीत. रामराज्य चातुर्वर्ण्यावर उभे होते आणि दंडाच्या धाकाशिवाय चातुर्वर्ण्य टिकत नाही. राजा म्हणून रामाला ते करणे भागच होते. साहित्याच्या अभ्यासकाला यात एक मोठा धडा आहे. आपण स्वभाव तपासत बसतो, राम दयाळू की क्रूर. आंबेडकर प्रश्न स्वभावावरून व्यवस्थेवर नेतात : माणूस दयाळू असूनही तलवार खाली का येते? याच बाबासाहेबांनी १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. पदमपूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते.

त्यांचा प्रश्न हाती घेऊन नाटक पुन्हा वाचले तर रामभद्र आणि महाराज ही फाळणी वेगळी दिसू लागते. सीतेच्या बाबतीत महाराजाने केले त्याबद्दल रामभद्राला जाब द्यावा लागतो, कारण सीतेला वासंती आहे, जनक आहे, अरुंधती आहे. शंबूकाच्या बाजूने रामाला ‘महाराज’ म्हणून टोचणारे कुणी नाही. भवभूतीची करुणा मोठी होती, हे मी मान्य करतो. किंबहुना करुण हाच मूळ रस आणि बाकीचे त्याचे आकार, असे त्याने तमसेच्या तोंडून सांगितले. पण ती नात्याच्या वाटेने पोचते. जिथे नाते नाही तिथे ती हाताशी बोलून थांबते. तरी त्याला काही जाणवले नसते तर तो हाताशी तरी का बोलला असता, हाही प्रश्न उरतोच. तलवार मुकाट्याने चालवणारा राम लिहिणे त्याला सोपे होते.

मराठीत परशुरामतात्या गोडबोल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे नाटक आणले. पुन्हा कुणी आणणार असेल तर त्याला मराठी फार मदत करील. ‘रामा’, ‘रामभद्रा’, ‘अहो’, ‘आपण’, ‘महाराज’ या पायऱ्या आपल्या बोलीत जिवंत आहेत. नटाने नुसती पायरी बदलली तरी प्रेक्षकाला कळेल. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. भवभूतीची नाटकेही कालप्रियनाथाच्या यात्रेसाठीच लिहिलेली होती, राजवाड्यातल्या निवडक मंडळींसाठी नव्हेत. यात्रेतल्या प्रेक्षकाला टोमणा समजावून सांगावा लागत नाही.

सातव्या अंकात गंगेच्या काठी नाटकातले नाटक होते. अप्सरा सीतेची कहाणी करून दाखवतात आणि अयोध्येचे लोक समोर बसलेले असतात. ज्यांच्या कुजबुजीने हे घडले तेच प्रेक्षक. मंचावरची सीता गंगेत उडी घेते तेव्हा राम भान विसरून ओरडतो आणि लक्ष्मणाला सांगावे लागते की हे नाटक आहे. पहिल्या अंकात चित्रे पाहताना सीता घाबरली होती, तेव्हा हे चित्र आहे असे रामानेच तिला सांगितले होते. मंचावर पृथ्वी जावयावर संतापते आणि गंगा तिची समजूत घालते. शेवटी अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते आणि नगरजनांना विचारते, आता तुमचे काय म्हणणे? लोक नमस्कार करतात. वाल्मीकीची सीता भूमीत गेली. भवभूतीने तिला परत आणले, पण आधी लोकांना साक्षीला बसवले. त्या दिवशी गंगेकाठी मांडलेल्या कहाणीत शंबूकाचा प्रवेश नव्हता.