माळ म्हणजेही वनच



गाळप हंगाम उरकला की आपल्यातील बरीच मंडळी देवदर्शनाला निघतात व जाता-येता एखादे जंगलही पाहतात. कोणी ताडोबा पाहतो, कोणी मेळघाट, तर कोणाची मजल कान्हा, काझीरंग्यापर्यंत जाते. जावे, अवश्य जावे. परंतु परवा गट ऑफिसात आम्ही एका वडीलधाऱ्या सभासदांना विचारले, "अण्णा, सुप्याचं अभयारण्य पाहिलंत का?" तर ते म्हणाले, "सायेब, तिथं काय बघायचं? नुस्ता माळ हाय." दहापैकी नऊ जणांचे उत्तर हेच, म्हणून हा लेखनप्रपंच.

बारामती-इंदापूरचा पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यावर साग-बांबूची दाटी होत नसते, गवत होते. पवन्या, मारवेल, कुसळ, आणि मध्ये मध्ये हिवर, बोर, बाभूळ, खैर. आपल्या भागाचे मूळ रान हेच. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला, मागून ऊस आला, घरोघरी सुबत्ता आली. त्याबद्दल दुमत नाही. पण कालव्याच्या वरच्या अंगाला, पाटपाणी पोचले नाही तिथे, जुने रान तुकड्या-तुकड्यांनी शिल्लक राहिले.

त्यातला एक तुकडा म्हणजे मोरगावजवळच्या सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य. ते १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या थोडे वर, म्हणजे आपल्या एखाद्या गावच्या शिवारात बसेल एवढेच. तिथला राजा चिंकारा. शेळीएवढे हरीण, रंग तांबूस, मादीलाही बारीक शिंगे असतात. पाण्यावाचून कितीतरी दिवस काढतो. पाल्यातली ओल आणि पहाटेचे दव त्याला पुरते. दुष्काळात तगावे कसे, हे याच्याकडून शिकावे!

इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि आपल्याकडे शिर्सुफळ येथे वनखात्याने २०२४ साली गवताळ रानाची सफारी सुरू केली. वाट दाखवायला स्थानिक तरुणच असतात. शिरसाईच्या दर्शनाला आपण जातोच, तिथून चार पावले पुढे जायचे. नशीब असेल तर लांडगा दिसतो, खोकड दिसते, क्वचित तरसही. थंडीत मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात व गवतावरून खाली खाली तरंगत नाकतोडे टिपतात. नाकतोडा आपल्या पिकाचे काय करतो ते आम्ही सांगायला नको.

आता थोडे स्पष्ट लिहितो. माळाला आपण 'पडीक' म्हणतो, आणि पडीक म्हटले की हात शिवशिवतात. कोणी बांध सरकवतो, तर कोणी उत्साहाने खड्डे घेऊन गिरिपुष्प लावतो. झाडाच्या सावलीत गवत मरते, गवत गेले की चिंकारा जातो. झाडे लावायचीच तर आपल्या बांधावर, वस्तीवर लावा, जागा पुष्कळ आहे. वस्तीवरची मोकाट कुत्री हरणांची पाडसे फाडतात. पुणे जिल्ह्यात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचेही तपासणीत सिद्ध झाले आहे. तेव्हा कुत्री बांधून ठेवावीत.

आणि पाचट! माळाला लागून ज्यांचा ऊस आहे त्यांनी तोडणीनंतर काडी लावू नये. वारा फिरला की आग गवतात शिरते. टिटवी, चंडोल यांची घरटी जमिनीवरच असतात. पाचट सरीत दाबले तर खोडव्याचे पाणी वाचते, सेंद्रिय खतही मिळते. हे आम्ही दर बैठकीत सांगतो, पुन्हा सांगितले.

पाहायला जायची वेळ म्हणाल तर पाऊस संपता संपता, मोळी पडण्यापूर्वी. तेव्हा गवत कमरेइतके असते. येत्या ऑक्टोबरात एक गाडी भरून सभासदांना कडबनवाडीला नेण्याचा विचार आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाकडे नाव द्यावे. पहाटे पाचला निघायचे, डबा ज्याचा त्याने आणायचा, पांढरे कपडे नकोत. घरची पोरे आणलीत तर उत्तम.