सॅलिश भाषांचें व्याकरण

शब्दांच्या जाती सांगतांना आपल्या व्याकरणांत नाम आणि क्रियापद यांस मोठा मान आहे, आणि जगांतील कोणत्याही भाषेंत हा भेद असणारच असें आपण न विचारतां गृहीत धरतों. ज्या भाषांनीं या समजुतीस मोठा धक्का दिला, त्यांपैकीं सॅलिश भाषा होत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागीं, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत आणि त्याच्या दक्षिणेस संयुक्त संस्थानांतील वॉशिंग्टन, आयडाहो व मॉन्टाना या राज्यांत, तेथील मूळ रहिवाशांच्या वीसांहून अधिक भाषा या एकाच कुळांतल्या आहेत.

सिअ‍ॅटल शहराच्या परिसरांतील लशूटसीड भाषेचें एक वाक्य पाहूं. 'उख्व' म्हणजे जाणें, 'स्बिआव' म्हणजे कोयोटी. (हा कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीचा प्राणी, तिकडील गोष्टींत तो आपल्या कोल्ह्याइतकाच धूर्त असतो.) 'उख्व ति स्बिआव' म्हणजे 'कोयोटी जातो'. आतां शब्दांची जागा बदलून 'स्बिआव ति उख्व' म्हटलें, तर अर्थ होतो, 'जो जातो तो कोयोटी आहे'. मराठींत हा पालट करावयाचा तर 'जातो' या रूपाचें 'जाणारा' करावें लागतें आणि 'आहे' हें निराळें क्रियापद आणावें लागतें. लशूटसीडमध्यें कांहींच करावें लागत नाहीं. जो शब्द आरंभीं येईल तो विधान करतो, 'ति'च्या मागून येणारा शब्द वस्तु दाखवितो. मग यांत नाम कोणतें आणि क्रियापद कोणतें?

या प्रश्नावरून विद्वानांत पुष्कळ वाद झाला. हा भेद सॅलिश भाषांत नाहींच, असें डेल किंकेड यांनीं १९८३ सालीं प्रतिपादन केलें. यान फान आइक व टॉम हेस यांनीं १९८६ मध्यें त्यास उत्तर दिलें. वाक्यांतील जागा पाहून भेद दिसत नसला, तरी स्वामित्व दाखविणारे आणि क्रियेची अवस्था दाखविणारे प्रत्यय कोणत्या शब्दांस लागतात हें तपासलें म्हणजे दोन गट निराळे पडतात, असें त्यांचें म्हणणें. मला हें उत्तर अधिक पटतें. परंतु किंकेड यांनीं शंका काढली नसती, तर इतकी बारीक तपासणी कोणी केली असती?

दुसरी गोष्ट मराठी वाचकास अधिक जवळची वाटेल. 'मीं पेला फोडला' आणि 'माझ्या हातून पेला फुटला' यांतील अंतर घरांतील लहान मूलसुद्धां जाणतें, आणि प्रसंगीं त्याचा उपयोगही करून घेतें! सॅलिश भाषांत हें अंतर प्रत्ययांनीं दाखवितात. मूळ धातु बहुधा 'फुटणें', 'तुटणें' अशा प्रकारचा असतो. त्यास एक प्रत्यय लावला म्हणजे कर्त्यानें क्रिया हेतुपूर्वक व पूर्ण ताब्यांत ठेवून केली असें ठरतें. दुसरा प्रत्यय लावला म्हणजे ती चुकून घडली, किंवा पुष्कळ खटपटीनंतर कशीबशी साधली. चुकणें आणि महत्प्रयासानें साधणें हीं आपणांस परस्परविरुद्ध वाटतात. तेथें दोहोंस एकच प्रत्यय पुरतो, कारण दोहोंतही कर्त्याचा ताबा अपुरा असतो.

अवयवांचे प्रत्यय हेंही एक नवल आहे. लशूटसीडमध्यें हातास स्वतंत्र शब्द 'चालश' असा आहे. पण 'हात धुणें' हें एका शब्दांत सांगतांना धातूस 'आचि' हा अगदीं निराळा प्रत्यय जोडतात. उच्चारांविषयीं एकच उदाहरण देतों. 'कार्त्स्न्य' शब्दांत पांच व्यंजनें सलग आलीं कीं आपली जीभ अडखळते. नुहाल्क भाषेंत तेरा व्यंजनांचा, एकही स्वर नसलेला शब्द नोंदला गेला आहे.

या भाषांचें पहिलें छापील व्याकरण ग्रेगरी मेंगारिनी या इटालियन जेझुइट पाद्र्यानें रचलें. तो १८४१ मध्यें मॉन्टानांतील बिटररूट खोऱ्यांत आला. त्याचें व्याकरण लॅटिन भाषेंत १८६१ मध्यें न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झालें. (त्याच संघांतील फादर स्टीफन्स यांचें कोंकणी व्याकरण गोव्यांत रायतूर येथें १६४० मध्यें छापलें गेलें होतें.) परंतु मिशनरी शाळेच्या अंकांत दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य नव्हे. कॅनडांत चर्चसंस्थांनीं सरकारी पैशानें चालविलेल्या निवासी शाळांत मूळ रहिवाशांच्या मुलांस आईबापांपासून दूर ठेवीत, आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा करीत. अशा शाळा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकल्या. संयुक्त संस्थानांतही असेंच घडलें. शिक्षा भोगलेल्या कित्येकांनीं पुढें आपल्या मुलांशीं ती भाषा बोलण्याचेंच टाळलें.

म्हणून व्हाय हिल्बर्ट (१९१८–२००८) यांचें नांव येथें घेतलें पाहिजे. अपर स्कॅजिट जमातीच्या या बाईंनीं वृद्ध माणसांच्या ध्वनिमुद्रित कथा ऐकून लिहून काढल्या, वॉशिंग्टन विद्यापीठांत लशूटसीड शिकविली, आणि १९९४ च्या लशूटसीड कोशांत हेस व डॉन बेट्स यांच्यासह भाग घेतला. क्लॅलम भाषेचा कोश टिमथी माँटलर यांनीं २०१२ मध्यें व व्याकरण २०१५ मध्यें प्रसिद्ध केलें. दरम्यान २०१४ सालीं, ती जन्मभाषा म्हणून शिकलेल्या शेवटच्या बाई हेझेल सॅम्पसन १०३ व्या वर्षीं वारल्या. पोर्ट अँजेलिस येथील हायस्कुलांत क्लॅलम शिकविण्यास त्यापूर्वींच आरंभ झाला होता. आजीच्या तोंडून जे शब्द ऐकूं आले नाहींत, ते तेथील मुलें फळ्यावरून उतरवून घेऊं लागलीं होतीं.