डीजेची सुपारी घेण्यापूर्वी

आमचा धंदा कापडाचा. पण लग्नसराईत ज्या घराचा बस्ता आमच्याकडे बांधला जातो, त्याच घरी मंडपवाला, आचारी आणि डीजेवालाही जातो. त्यामुळे या धंद्यातली बरकत आणि फजिती दोन्ही आम्ही गादीवर बसून ऐकत आलो आहोत. आपल्यातले पुष्कळ तरुण, विशेषतः वायरमन आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे कारागीर, या कामात उतरले आहेत. कर्ज काढून अॅम्प्लिफायर, मिक्सर, बेस आणि टॉप घेतात. माल उत्तम असतो, सुपारी घेण्याची रीत मात्र कच्ची असते.

सुपारी तोंडी घेऊ नये. पावतीपुस्तक ठेवावे आणि त्यावर तारीख, जागा, सुरू करण्याची व बंद करण्याची वेळ, स्पीकर किती, जनरेटर व डिझेल कोणाचे, पोलीस परवानगी कोण आणणार, बयाना किती आणि बाकी केव्हा मिळणार, हे लिहून यजमानाची सही घ्यावी. बाकीची रक्कम सामान उतरवल्यावर, वाजवण्यापूर्वी घेतलेली बरी. वरात संपल्यावर यजमान दमलेला असतो आणि पाहुण्यांतला कोणीतरी मामा हिशेबात हटकून तोंड घालतो.

बंद करण्याची वेळ लिहून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर वाजवता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस आणि तीही सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांपुरती देऊ शकते. कोणाच्या घरच्या हळदीला ती आपोआप लागू होत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात, मर्यादेबाहेर आवाज करणारी उपकरणे जप्त करण्याची तरतूद राज्यांनी करावी, असे सांगितले आहे. "वाजव रे, आम्ही बघून घेऊ" असे म्हणणारे दहाजण असतात. जप्त होते ते तुमचे सामान, आणि कर्जाचा हप्ता तुमच्याच नावावर असतो.

मर्यादा तरी किती? निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त, म्हणजे ६५ पर्यंत चालते. खासगी जागेच्या हद्दीवर ५ च जास्त. आता हिशेब करा. स्पीकरपासून १ मीटरवर १०० डेसिबल असतील तर मोकळ्या मैदानात १० मीटरवर साधारण ८० आणि १०० मीटरवर ६० राहतात. अंतर दुप्पट झाले की ६ उतरतात. उलट अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर वाढतात फक्त ३. म्हणजे स्टेजजवळ भिंत उभारण्यात पैसा जातो, शेजारी चिडतात आणि मागच्या रांगेला तरीही नीट ऐकू येत नाही. लहान स्पीकर चार ठिकाणी, पाहुण्यांकडे तोंड करून ठेवावेत. काम कमी आवाजात भागते.

जागा आदल्या दिवशी पाहून यावी. विजेचे तर फारच बघावे. घरातल्या १६ अँपियरच्या एका प्लगवर जेमतेम साडेतीन किलोवॅट निघतात आणि ५ केव्हीएच्या जनरेटरवर सुमारे चार. त्यावरच मंडपाचे दिवे आणि आचाऱ्याचा मिक्सर लावला की ऐन वेळी अंधार. केबलचा ड्रम अर्धवट गुंडाळलेला ठेवू नये, तो तापतो. अर्थिंग तपासावे, ३० मिलीअँपियरचा गळती-संरक्षक स्विच आपल्या पेटीत कायम ठेवावा, कारण मंडपातली ओली जमीन जीव घेऊ शकते. सुरू करताना मिक्सर आधी व अॅम्प्लिफायर शेवटी, बंद करताना उलट. आवाज फाटू लागला की ताबडतोब कमी करावा. फाटक्या आवाजानेच टॉपचे ट्वीटर जळतात.

वागणुकीचे दोन शब्द. फर्माईश कोणाची ऐकायची ते यजमानाकडून आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर दोन्हीकडची पोरे मिक्सरवर हात घालतात. निकाह असेल तर काजीसाहेबांचा माईक वेगळा, तपासलेला आणि नव्या सेलचा असावा. खुतब्याच्या वेळी बाकी सर्व चॅनेल बंद. जवळच्या मशिदीत अजान सुरू झाली की कोणी सांगण्याची वाट पाहू नये. लहान मुलांना स्पीकरपुढे उभे राहू देऊ नये. गाणी लॅपटॉपवर असली तरी दुसरी प्रत पेनड्राइव्हवर हवी. आणि कपडे स्वच्छ असावेत. हे आम्ही कापडवाले म्हणून सांगत नाही, पुढची सुपारी त्याच मांडवातला कोणीतरी देत असतो म्हणून सांगतो.

गाण्यांच्या हक्कांविषयी बरीच भीती पसरलेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वरात व लग्नाशी निगडित समारंभात गाणी वाजवण्याला सूट आहे. कंपनीचा कार्यक्रम किंवा हॉटेलातली तिकिटाची पार्टी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे परवाना लागतो. तो आयोजकाने काढायचा की तुम्ही, हे पावतीवर लिहून घ्यावे आणि परवान्याची प्रत सामान गाडीत चढवण्यापूर्वी मागून घ्यावी.