नागाचा फणा : किती उंच आणि का?

सातारा-कराडहून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की सांगली जिल्ह्यात पेठ नाका लागतो. तेथून पश्चिमेला वळले की येते बत्तीस शिराळा. नागपंचमीचे गाव म्हणून त्याचे नाव तुम्ही ऐकले असेल. येथील एका गृहिणीच्या पूजेतला मातीचा नाग गोरक्षनाथांनी जिवंत केला व तेव्हापासून जिवंत नागाची पूजा सुरू झाली, अशी आख्यायिका आहे. सणाआधी काही दिवस गावातील तरुण शेताच्या बांधांवरून नाग धरून आणीत व मडक्यांत ठेवीत. पंचमीला मिरवणूक निघे आणि स्पर्धाही होत. कोणाचा नाग सर्वांत लांब? कोणाचा नाग फणा काढून सर्वांत उंच उभा राहतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजपट्टी देईल. दुसऱ्या प्रश्नात मात्र थोडे पदार्थविज्ञान दडलेले आहे.

फणा काढताना नाग शरीराचा पुढचा सुमारे एक-तृतीयांश भाग उचलतो. म्हणजे दीड मीटर लांबीचा नाग साधारण अर्धा मीटर उंच होतो. त्याने निम्मे शरीर का उचलू नये?

हिशेब करून पाहू. समजा, या नागाचे वस्तुमान ९०० ग्रॅम आहे व शरीर सर्वत्र सारखेच जाड आहे. (खऱ्या नागाचे तसे नसते, पण हिशेब सोपा होतो.) उचललेल्या ५० सेंटिमीटर भागाचे वस्तुमान ३०० ग्रॅम होईल आणि त्याचा गुरुत्वमध्य मुळापासून २५ सेंटिमीटरवर असेल. नाग अगदी ताठ उभा असेल, तर हे वजन सरळ खाली पडते. पण तो जसजसा पुढे झुकतो, तसतसे हे वजन त्याला जमिनीकडे वळवू पाहते. वळवण्याच्या या जोराला ‘आघूर्ण’ म्हणतात. बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. उचललेला भाग पूर्ण आडवा झाला, तर ते ०.३ × ९.८ × ०.२५, म्हणजे सुमारे ०.७४ न्यूटन-मीटर भरते.

आता नागाने निम्मे शरीर, म्हणजे ७५ सेंटिमीटर उचलले असे समजा. वस्तुमान ४५० ग्रॅम आणि अंतर ३७.५ सेंटिमीटर. आघूर्ण होते सुमारे १.६५ न्यूटन-मीटर. उंची दीडपट झाली, पण पाठीच्या स्नायूंवरचा भार सव्वादोन पट वाढला! कारण वजन दीडपट झाले आणि अंतरही दीडपट झाले. शिवाय जमिनीवर टेकलेला भाग, म्हणजे पाया, तेवढाच आखूड झाला. ओझे वाढले आणि पाया घटला, मग तोल कसा राहावा?

उभा नाग दंश करताना उचललेला भाग पुढे झोकतो. त्यामुळे त्याचा पल्ला साधारण त्या उंचीइतकाच असतो. पण एवढ्यावर विसंबू नका. नाग पुढेही सरकू शकतो. तेव्हा काही मीटर दूरच राहावे. तरीही दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा. प्रतिविष हाच त्यावर उपाय आहे.

मग नाग डोलतो कशाने? सापाला बाह्यकर्ण नाही आणि कानाचा पडदाही नाही. आतला कान मात्र आहे. जमिनीची कंपने जबड्याच्या हाडातून तेथे पोचतात. ‘साप ठार बहिरा’ असे पूर्वी सांगत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत मात्र हवेतून येणाऱ्या आवाजालाही साप प्रतिसाद देतात, असे दिसले. तरीही डोलण्याचे कारण संगीत नव्हे. शिराळ्यात नागासमोर पांढरा रंग दिलेले, खडे भरलेले भांडे हलवीत. त्या हलत्या वस्तूवर नागाची नजर खिळे आणि तिच्याबरोबर त्याचे डोके फिरे. हे नृत्य नसून शत्रूवर ठेवलेला पहारा होता.

मंगोलियाच्या पश्चिमेस बायान-उल्गी प्रांतात कझाक शिकारी सोनेरी गरुडांचा उत्सव भरवतात. डोंगरावरून सोडलेला गरुड मालकाच्या हातावर किती लवकर येतो, हे तेथे पाहतात. त्या गुणांत शिकवणीची परीक्षा असते. शिराळ्याच्या स्पर्धेत उंच फण्याला बक्षीस होते. पण नाग फणा काढतो तो बचावासाठी. म्हणजे मोजली जात होती ती त्याची भीती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला संरक्षण दिले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने मनाईच्या अंमलबजावणीचा आदेश दिला आणि जिवंत नागांचे खेळ बंद झाले. २०२५ मध्ये केंद्र सरकारने २१ साप धरण्यास परवानगी दिली, पण ती केवळ शिक्षणासाठी. तेव्हा त्या शिक्षणात काय शिकवावे, हा प्रश्न तुम्ही आपल्या शिक्षकांना जरूर विचारा. वर केलेल्या हिशेबासाठी एकही नाग धरावा लागला नाही.

करून पाहा : फूटपट्टीचे एक टोक चिमटीत धरून ती आडवी ठेवा. चिमटीपासून १० सेंटिमीटरवर एक खोडरबर दोऱ्याने टांगा. मग तेच २० सेंटिमीटरवर आणि शेवटी तेथेच दोन खोडरबर टांगा. प्रत्येक वेळी बोटांवर किती ताण येतो? खोडरबरांमुळे येणारे आघूर्ण पहिल्याच्या किती पट झाले, ते वहीत लिहा.