चळवळीतल्या बायका: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल 1925 मध्ये निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. या परिषदेचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला अभिमान आहे. पण इथल्या चळवळींचा इतिहास सांगताना बायकांची नावं मागेच राहतात.

गैरसमज: दलित चळवळीत बायका फक्त सभांना गर्दी करत.
वस्तुस्थिती: जुलै 1942 मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेला हजारो बायका आल्या. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी आणि कामगार बायकांना रजा असे ठराव त्यांनी केले.

गैरसमज: निपाणीचं आंदोलन म्हणजे 1981 चा तंबाखू शेतकऱ्यांचा लढा, एवढंच.
वस्तुस्थिती: तो लढा मोठाच होता, गोळीबारात शेतकरी हुतात्मा झाले. पण त्याच काळात तंबाखूच्या वखारींत धूळ छातीत घेत राबणाऱ्या बायकाही मजुरीसाठी, माणसासारख्या वागणुकीसाठी संघटित झाल्या होत्या. ‘युगांतर’ गटाने 1982 मध्ये त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात या बायका आपल्या कामाबद्दल आणि युनियनबद्दल स्वतः बोलतात.

गैरसमज: देवदासी प्रथेला आळा बसला तो कायद्याने आणि बाहेरून आलेल्या सुधारकांमुळे.
वस्तुस्थिती: कायदे 1934 आणि 1982 मध्ये झाले, तरी देवाला मुली सोडणं थांबलं नाही. त्यातल्या बहुतेक मुली दलित घरांतल्या. पुढे बेळगाव जिल्ह्यातल्या माजी देवदासींनीच घटप्रभेच्या ‘मास’ संस्थेतून गावोगाव जाऊन घराघरांत समजूत घातली. लहानपणीच देवाला सोडलेल्या सितव्वा जोडट्टी या संस्थेच्या प्रमुख झाल्या. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गैरसमज: बायकांचा असा विसर फक्त आपल्याकडेच पडतो.
वस्तुस्थिती: दलित पँथरने 1972 मध्ये अमेरिकेतल्या ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून नाव घेतलं, त्याचं नेतृत्व 1974 ते 1977 एलेन ब्राउन या स्त्रीकडे होतं. त्याआधी कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या ‘नीग्रो वर्ल्ड’ पत्रात एमी जॅक्स गार्वी बायकांचं पान चालवत. तरी पँथर म्हटलं की दोन्हीकडे पुरुषांचेच चेहरे आठवतात.

या बायका सभेत बसल्या तशा अध्यक्षस्थानीही बसल्या. त्यांनी ठराव लिहिले, युनियन बांधली, प्रथा मोडली. वखारीत राबलेल्या कित्येक जणी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्या आठवणी नावानिशी लिहून घेण्याचं काम सीमाभागातल्या शाळा, महाविद्यालयं आणि वाचनालयांनी आत्ताच हाती घ्यायला हवं.